अहिंसेचा खर्च कुणाच्या नावे?



आपल्या समाजातल्या जुन्या व्यापारी घरांत माळ्यावर वह्यांचं गाठोडं हमखास सापडतं. लाल कापडाच्या बांधणीची रोजकीर्द, खतावणी, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक. जालन्याकडची १९४८ च्या आधीची वही असेल तर रकमा 'हाली' रुपयांत, म्हणजे निजामाच्या नाण्यात मांडलेल्या. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि इथल्या कापसाच्या बाजाराला बरकत आली. 'जालना, सोने का पालना' असं जुने लोक अजूनही म्हणतात. त्या वह्यांत सरकीचा भाव आहे, हमाली आहे, बैलगाडीचं भाडं आहे, मंदिराला दिलेली वर्गणी आहे. पै न् पै लिहिलेली.

मी बी.कॉम. झालेली. वही समोर आली की आधी जमा बघते, मग नावे, मग तेरीज जुळते का ते. या वह्यांची तेरीज जुळते. तरीही एक मोठा खर्च त्यांत लिहायचा राहिलाय असं मला वाटतं. तो म्हणजे घरच्या अहिंसेचा खर्च.

जैनांचं घर अहिंसेवर चालतं असं आपण अभिमानाने सांगतो. पण घरात अहिंसा पाळायची म्हणजे काय करायचं? धान्य निवडायचं, पीठ दळायचं, पाणी गाळायचं, उन्हाळ्यात वाळवण करून चातुर्मासाची तजवीज करायची, कापड शिवायचं, फाटलेलं जपायचं. व्रत घराने घेतलं, ते पार पाडलं बायकांच्या हातांनी. आज त्या हातांचा थोडा इतिहास लिहिते. मोठमोठ्या आचार्यांचा आणि दानशूर शेठजींचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. हा आपणच लिहायचा आहे.

पिठाची मर्यादा

आपल्याकडे पिठाची मर्यादा ऋतूप्रमाणे बदलते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दमट हवेत पिठात जीव लवकर पडतात, म्हणून पावसाळ्यात मुदत सगळ्यांत कमी. नियम किती बारकाईने केलाय बघा. पण हाच नियम कामाचं वेळापत्रक म्हणून वाचला तर वेगळं चित्र दिसतं. पावसाळ्यात सरपण ओलं, जळवा फार, कपडे वाळत नाहीत, आणि नेमकं त्याच महिन्यांत दळण सगळ्यांत जास्त वेळा करायचं. हिवाळ्यात आठवड्याला एकदा भागलं असतं, ते आता दर तिसऱ्या दिवशी.

माझ्या सासूबाई सांगायच्या, दहा-बारा माणसांचं घर, पहाटे दोघी जावा जात्याला समोरासमोर बसायच्या. चार शेर ज्वारी दळायला दोन तास जायचे. त्याआधी आदल्या दुपारी धान्य निवडून ठेवायचं. किडे-सोंडे निघाले तर ते मरणार नाहीत असे सावलीत नेऊन सोडायचे. दळायच्या आधी जातं मऊ कुंच्याने झाडायचं, दळून झाल्यावर पुन्हा झाडायचं, कारण पाळूच्या खाचेत राहिलेलं पीठ शिळं होतं. दोन तासांच्या दळणामागे तासभर झाडणं-निवडणं धरा.

पैसेवाल्या घरांत दळण-कांडणाला बाई असायची. तिची मजुरी वहीत सापडते. घरच्या सुनेने तेवढंच दळलं तर नोंद नाही. कॉलेजात आम्हाला राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना सर पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा दाखला द्यायचे. एखाद्या गृहस्थाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न कमी होतं, कारण तीच बाई तेच काम करते पण आता पगाराविना. वर्गातली मुलं हसायची. आम्ही चार-पाच मुली होतो, आम्हाला त्यात हसण्यासारखं काही नवीन वाटलं नाही.

पुढे पिठाची गिरणी आली. दळायचे दोन तास वाचले, पण नवा प्रश्न आला. आपल्या आधी त्या दगडात कुणाचं काय दळलं गेलं? मग गिरणीवाल्याला सांगून पहिला नंबर लावायचा, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायचं, अशा युक्त्या बायकांनीच शोधल्या. आता घरोघरी घरघंटी आहे. तरी मुनिराजांच्या आहारासाठी चौका लावायचा असला की कित्येक घरांत कोपऱ्यातलं जातं पुसून पुन्हा मधे येतं.

छत्तीस अंगुळांचं कापड

पाणी गाळायच्या कापडाचं मापसुद्धा शास्त्राने दिलंय. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, दुहेरी घडीचं, आणि इतकं घट्ट विणीचं की त्यातून ऊन आरपार दिसू नये. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं चालतं, मग पुन्हा गाळायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जिवाणी. गाळण्यावर जे जीव राहिले ते गाळलेल्याच पाण्याने अलगद धुऊन, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही वरून ओतायचं नाही. बादलीच्या बुडाला कडी बसवलेली असते, बादली पाण्यापर्यंत खाली नेऊन तिथे उपडी करायची.

आता हिशेब करा. विहिरीवर एक खेप पाणी आणायची आणि एक खेप जिवाणी परत द्यायची. शेजारची बाई एकदा जाऊन आली, आपली बाई दोनदा. आड अंगणात असेल तर ठीक. मराठवाड्यात उन्हाळ्यात घरचा आड आटला की लांबच्या विहिरीवर जायचं, आणि जिवाणीही तितकीच लांब न्यायची.

मराठवाड्याला पाण्याचं दुःख नवीन नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात टँकरची वाट बघत आपण सगळ्यांनीच दिवस काढले. घाणेवाडीच्या तलावाचा तळ तेव्हा उघडा पडला होता आणि लोकांनी पुढे होऊन गाळ काढला. 'पाणी तुपासारखं वापरावं' हे आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतं. त्या वर्षी शेजारच्या बायका आपल्या बायकांना विचारायला यायच्या की तुम्ही एवढ्या कमी पाण्यात कसं भागवता. भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं पाणी फरशीला. ही सवय एका वर्षात लागत नाही. ती सासू-सुनांनी शंभर वर्षं पाणी मोजून लावलेली आहे.

उन्हाळ्याचं काम, पावसाळ्याचं ताट

चातुर्मासात पालेभाजी नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही, कंदमूळ तर बाराही महिने नाही. मग चार महिने ताटात काय वाढायचं? त्याचं उत्तर चैत्र-वैशाखातल्या गच्चीवर असायचं. मुगाचे सांडगे, उडदा-मुगाचे पापड, हातावर वळलेल्या शेवया, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, कारल्याच्या चकत्या, कैरीच्या फोडी. इतरांकडे बटाट्याचे पापड, आपल्याकडे कच्च्या केळ्याचे. गहू तीन दिवस भिजवून केलेली कुरडई कडक मर्यादेच्या घरात चालायची नाही, कारण चीक आंबतो. काही व्रती मंडळी तर वाळवणही घेत नाहीत. घराघराची रीत वेगळी, आणि कुणाला काय चालतं हे लक्षात ठेवायचं कामही बाईचंच.

पापड लाटायला गल्लीतल्या पाच-सहाजणी एकमेकींकडे जायच्या. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कुणी किती लाटले याची वही नव्हती, पण पक्का हिशेब असायचा. एखादीने दोन दिवस टाळलं तर तिच्या पापडाच्या दिवशी सगळ्यांना अचानक कामं निघायची!

हेच काम वहीत आलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत पापड' उभं राहिलं. लाटणं तेच, ऊन तेच, हात तेच. फरक एवढाच की तिथे किती किलो लाटले त्याची नोंद झाली आणि मजुरी मिळाली.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होते. तेव्हा जालना स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, खडी फोडायच्या कामावर बायामाणसांच्या रांगा लागायच्या, शाळेत सुकडी वाटायचे. बाजारात भाजी दिसेना. आमच्या घरी त्या वर्षी डब्यांतल्या वाळवणावर जेवणं झाली. दारावर येणाऱ्याला आई भाकरीवर सांडग्याची आमटी वाढायची. वडिलांच्या दुकानाला त्या वर्षी तोटा होता, तो वहीत आहे. आईने दोन उन्हाळे आधी घालून ठेवलेले सांडगे वहीत नाहीत. मला तरी ते त्या वर्षीची सगळ्यांत मोठी जमा वाटते.

सुई-दोऱ्याची शिल्लक

आपल्या सैतवाळ समाजाला इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरांत 'जैन शिंपी' म्हटलेलं आहे. कापडाचा व्यापार आणि शिवणकाम हे आपल्यातल्या कित्येक घरांचे पिढीजात धंदे. पुरुषांची शिलाई दुकानात व्हायची, तिला दर होता. बायकांची दुपारी, जेवणं झाल्यावर, ओसरीवर.

गोधडीचंच बघा. जुन्या लुगड्यांचे थर, चार बाजूंनी काठ, आणि मधे धावदोऱ्याचे हजारो टाके. कापूस घालायचा असेल तर पिंजारी यायचा. त्याच्या धनुकलीच्या तारेचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मुलं धावायची. आमच्याकडचे पिंजारी बहुतेक मुसलमान. त्याला पैसे थोडे आणि ज्वारी जास्त मिळायची. जात्याला टाकी लावायला बाई यायची, पितळी भांड्यांना कल्हई करणारा यायचा, सुपं-टोपल्या बुरूडणीकडून, बांगड्या कासाराकडून. आपल्यातही जैन कासार आहेत. ही सगळी माणसं आपल्या धर्माची असोत-नसोत, त्यांच्या कारागिरीवाचून आपला सोवळा स्वयंपाक चालला नसता. टाकी न लावलेल्या जात्याने पीठ भरड यायचं, कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकायचं. कुणाला किती ज्वारी द्यायची राहिली हे घरातल्या मोठ्या बाईच्या डोक्यात असायचं. ती त्यांची खतावणी. स्टीलची भांडी आली तसा कल्हईवाला गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरची खबरबात विचारायची आपली सवयही गेली. आमचं जालना आज स्टीलसाठी प्रसिद्ध आहे, पण ते बांधकामाच्या सळ्यांचं.

शिवणाची एक गोष्ट माझ्या आजोळची आहे. रझाकारांच्या काळात जालन्याकडची कित्येक कुटुंबं निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. आजीचं घर देऊळगाव राजाला गेलं. निघण्याआधी आजीने आणि तिच्या सासूने घरातलं सोनं एका जुन्या गोधडीच्या थरांत शिवलं. वर इतकी ठिगळं लावली की रस्त्यात कुणी ती गोधडी उचलून बघितली नसती. पोलीस अ‍ॅक्शन झाली ती सप्टेंबर १९४८ मध्ये, ऐन भाद्रपदात, दशलक्षणाच्या दिवसांत. परक्या गावी, दुसऱ्याच्या ओसरीवर राहून आजीने घरमालकिणीचं जातं मागून घेतलं आणि तीन दिवसांची मर्यादा मोडू दिली नाही. आजोबांच्या वहीत त्या प्रवासाचं गाडीभाडं लिहिलेलं आहे. गोधडीबद्दल एक ओळ नाही. ते सोनं विकूनच परत आल्यावर दुकान उघडलं.

श्रुतपंचमीचं वेष्टन

सुईचं सगळ्यांत पवित्र काम म्हणजे शास्त्राचं वेष्टन. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आपली श्रुतपंचमी. पुष्पदंत आणि भूतबली आचार्यांनी षट्खंडागम लिहून पूर्ण केला त्याची आठवण. त्या दिवशी मंदिरातली शास्त्रं बाहेर काढायची, झटकायची, ऊन-वारा द्यायचा आणि नव्या वेष्टनात बांधायची. तिथी कशी नेमकी आहे बघा. पाऊस तोंडावर आलेला असतो. आता जपलं नाही तर चार महिन्यांच्या दमटपणात कसर पोथी खाणार. वाळवणाचे डबे भरून झाले की बायका वेष्टनं शिवायला घ्यायच्या. धान्य जसं पावसापासून वाचवायचं तसंच ज्ञान.

आपल्याकडे शास्त्रदान करणाऱ्या बायकांची नावं राहिलेली आहेत. दहाव्या शतकात कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्या. छापखाना नसताना एक हजार! आपल्या महाराष्ट्रातल्या हस्तलिखितांच्या शेवटीसुद्धा अमुक श्राविकेने ही प्रत लिहवून घेतली अशी प्रशस्ती वाचायला मिळते. १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला टीकेचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. तोवर तो ठेवा हस्तलिखितांतच टिकून राहिला होता. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं, लिहवून घेणारीचं राहिलं. पण वर्षानुवर्षं ज्यांनी त्या पोथ्यांची वेष्टनं शिवली, धुतली, बदलली, त्यांचं नाव शोधायला मी कुठे जाऊ? कापड फाटलं की नवं आलं. जुनं पोतेरं झालं.

सुंदरीची विद्या

हे फक्त आपल्याच घरांचं आहे असं नाही. सरकारच्या नमुना पाहणीत माणसाच्या कामाला आकडे दिलेले असतात. त्यात ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी, आणि ९३ म्हणजे घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी शिवण, टिपण, विणकाम वगैरे करणारी. दोन्ही आकड्यांच्या बायका कामकरी लोकांत धरत नाहीत. म्हणजे आजीची गोधडी सरकारी कागदावर आली खरी, पण 'काम नाही' या बाजूला. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया घरचं विनामोबदला काम करताना दिसल्या, त्यांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला. पुरुष २६.१ टक्के, आणि तेही ९७ मिनिटं. त्यात जिवाणीची खेप आणि तीन दिवसांचं पीठ वेगळं मोजलेलं नाही. आपण ते आपलं आपण मिळवून बघावं.

आता काही जणी म्हणतील, धर्माच्या कामाला मजुरीच्या मापाने का मोजायचं? ते तर पुण्य आहे. मला हे पटतं, पण अर्धंच. पुण्य असेल तर ते एकटीनेच का घ्यावं? अहिंसाणुव्रत श्रावकालाही आहे. माझा मुलगा अष्टमीला हिरवं खात नाही, चांगली गोष्ट आहे. पण त्या दिवशी काय शिजवायचं याचा विचार आदल्या रात्री कोण करतं? आता कित्येक घरांत स्वयंपाकाला बाई आहे, ती आपल्या धर्माची नाही, तरी आपलं व्रत तिच्या हातून पार पडतं. तिच्या पगारात या जादा कष्टाचे किती धरले, हेही विचारायला हवं. पाणी गाळणं, धान्य निवडणं ही पुरुषांना न जमणारी कामं नव्हेत. मुनिसंघ आला की चौक्यात हेच पुरुष धोतर-दुपट्ट्यात भक्तीने पाणी गाळतात. मग एरवी का नाही?

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात, म्हणजे नवव्या शतकातल्या, राष्ट्रकूटांच्या काळातल्या ग्रंथात, भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंकविद्या, असं सांगितलंय. हिशेबाची विद्या देवाने पहिल्यांदा मुलीला दिली. तिच्या लेकींनी मात्र हजार गोष्टी डोक्यात ठेवल्या आणि कागदावर एकही आणली नाही.

म्हणून एक छोटी विनंती आहे. घरात सत्तरी-ऐंशीच्या बायका असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. किती शेर दळायच्या, पाणी कुठून आणायच्या, पिंजाऱ्याला काय द्यायच्या, कोणत्या वर्षी काय पुरलं आणि काय संपलं, हे आकड्यांनिशी लिहून घ्या. आणि येत्या श्रुतपंचमीला नवं वेष्टन शिवाल तेव्हा त्याच्या आतल्या दुमडीत चार टाके जास्त घाला: शिवणारीचं नाव, गाव आणि साल. पोथी उघडणाऱ्याला ते दिसणार नाही. वेष्टन बदलणारीला दिसेल.